जुना अँप्लिफायर, कॅसेट डेक, रेडिओ उघडताना : न निघणाऱ्या स्क्रूंविषयी

आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या जुन्या सेटमध्ये बिघाड पुष्कळदा साधा असतो, बेल्ट किंवा फ्यूज. वेळ जातो तो घरी गुळगुळीत करून ठेवलेल्या स्क्रूंवर.

सान्सुई, पायोनियर, अकाई, टेक्निक्स अशा जुन्या जपानी सेटचे फुलीचे स्क्रू आपल्या नेहमीच्या 'स्टार' स्क्रूसारखेच दिसतात, पण ते जेआयएस, म्हणजे जपानी मानक मापाचे असतात. नेहमीच्या फिलिप्स स्क्रूड्रायव्हरचं टोक त्यांच्या खाचेत नीट टेकत नाही. जोर लावला की वर उसळतं आणि खाच खाऊन टाकतं. पुष्कळ स्क्रूंच्या माथ्यावर बारीक ठिपका असतो, ती जेआयएसची खूण. जेआयएसचा २ नंबरचा स्क्रूड्रायव्हर एकदा घेऊन ठेवा. निम्मे 'हट्टी' स्क्रू तेवढ्यानेच निघतात, असा आमचा अनुभव.

ॲल्युमिनियममध्ये लोखंडी स्क्रू असेल तर दमट हवेत तिथे पांढरी भुकटी धरते आणि स्क्रू आवळून बसतो. किनाऱ्याकडच्या सेटमध्ये हे हमखास. अशा वेळी सेटचा प्लग काढून सोल्डरिंग आयर्नचं टोक माथ्यावर अर्धा मिनिट धरा. (प्लास्टिकमध्ये बसवलेल्या स्क्रूला हे अजिबात नको.) गार झाल्यावर गंज सोडवणाऱ्या तेलाचा एकच थेंब टूथपिकने सोडा आणि रात्रभर विसरून जा. सकाळी आधी किंचित आवळा, मग सोडवा. तेलाचा स्प्रे मात्र मारू नका. बेल्टवर किंवा रबरी चाकावर शिंतोडा गेला की रेकॉर्ड लहरी वेगाने फिरायला लागते. पकड यावी म्हणून गुळगुळीत खाचेत रबर बँड घालायची युक्ती सैल स्क्रूपुरतीच ठीक.

कॅसेट डेकच्या हेडजवळचा रंग लावलेला स्क्रू आणि रेडिओच्या आयएफ कॅनमधला (आतल्या छोट्या धातूच्या डबीतला) मेण भरलेला गाभा यांना हात लावू नका. कंपनीने जुळवणी करून ते मुद्दाम बंद केलेले असतात. व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) सेट तर घरी उघडूच नका. प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये विजेचा जीवघेणा दाब राहू शकतो.

खाच निम्मी गेली की थांबा. अर्ध्या खाचेवर आम्ही अजून काही करू शकतो. पूर्ण गेली की ड्रिलच, आणि मग लोखंडाचा कीस आत पडतो.

निघालेले स्क्रू, तुटलेलेसुद्धा, पुडीत बांधून सेटबरोबर आणा. जुन्या ब्रिटिश सेटमध्ये बीए या जुन्या ब्रिटिश मापाचे आटे असतात : ४ बीए म्हणजे ३.६ मिमी. तिथे दुकानातला ४ मिमीचा पिळून बसवला की आटे गेलेच.