चिलीचे विभाग : सान्तियागोत आखलेला नकाशा

चिलीत आज 16 विभाग, 56 प्रांत आणि 346 कोमुना (नगरपालिकेच्या पातळीवरचे सर्वांत छोटे घटक) आहेत. वाळवंटापासून हिमनद्यांपर्यंत सुमारे 4,300 किलोमीटर पसरलेल्या या देशात विभागाचा प्रमुख थेट मतदानाने निवडण्याचा हक्क लोकांना मिळाला तो 2021 मध्ये. एवढा उशीर का झाला, हे समजायला बरेच मागे जावे लागते.

स्पॅनिश राजवटीने 1786 मध्ये सान्तियागो (आजची राजधानी) आणि कॉन्सेप्सिओन असे दोन भाग पाडून त्यांवर ‘इंतेंदेन्ते’ हा अधिकारी नेमला. स्वातंत्र्यानंतर, 1826 मध्ये, राजकीय नेते होसे मिगेल इन्फान्ते यांच्या पुढाकाराने संघराज्याचा प्रयोग झाला. आठ प्रांत ठरले, त्यांना स्वतःच्या विधानसभा मिळाल्या. हा प्रयोग वर्षभरातच गुंडाळला गेला. 1833 च्या राज्यघटनेने इंतेंदेन्तेला पुन्हा राष्ट्राध्यक्षाचा माणूस केले. 1851 मध्ये ला सेरेना आणि कॉन्सेप्सिओन, 1859 मध्ये खाणींचे कोपियापो सान्तियागोविरुद्ध उठले. दोन्ही उठाव चिरडले गेले. 1925 च्या घटनेत प्रांतिक सभांचे आश्वासन होते. त्या कधी भरल्याच नाहीत.

मग आली पिनोशेची लष्करी राजवट. 1974 मध्ये तिने जुन्या 25 प्रांतांची व्यवस्था मोडून नवे विभाग आखले आणि त्यांना उत्तरेकडून दक्षिणेकडे रोमन आकडे दिले. फक्त राजधानीच्या महानगर विभागाला आकडा नव्हता. राष्ट्रीय सुरक्षा हा या आखणीचा एक प्रमुख निकष होता. तिथे राहणाऱ्यांना कुणी विचारले नाही.

वाल्दिव्हियाच्या बाबतीत हा अन्याय सर्वांत स्पष्ट दिसतो. 1826 च्या आठ प्रांतांपैकी हा एक. नव्या नकाशात तो दहाव्या विभागात कोंबला गेला आणि विभागाची राजधानी झाली पुएर्तो मोंत. वाल्दिव्हियाकरांनी हे मान्य केले नाही. स्वतंत्र विभागाची मागणी त्यांनी तीन दशके लावून धरली, आणि 2007 मध्ये लोस रिओस विभाग जन्माला आला. त्याच वर्षी उत्तर टोकाला आरिका-पारिनाकोता वेगळा झाला. नव्या विभागांना चौदा आणि पंधरा हे आकडे मिळाल्याने उत्तर-दक्षिण क्रम विस्कटला. 2018 मध्ये न्युब्ले सोळावा विभाग झाला, आणि त्याच वर्षी कायद्याने आकडे वगळून नुसती नावे ठेवली.

2021 मध्ये निवडून आलेल्या गव्हर्नरांनी सूत्रे घेतली. मात्र इंतेंदेन्तेच्या जागी राष्ट्राध्यक्षाने नेमलेला प्रतिनिधी आला. विभागाचे नियोजन आणि विकासनिधी गव्हर्नरांकडे, तर कायदा-सुव्यवस्था अजूनही त्या प्रतिनिधीकडेच आहे.