झोनिंग अपडेट करायचं म्हणजे नक्की काय बदलायचं? थोडी पार्श्वभूमी

झोनिंग म्हणजे शहराच्या कुठल्या भागात काय आणि किती मोठं बांधता येईल हे ठरवणारे नियम. अमेरिकेतल्या एखाद्या छोट्या शहराने "झोनिंगचे नियम अपडेट करतोय, मंजुरीची प्रोसेसही सोपी करतोय" असं जाहीर केलं की बिल्डर विरुद्ध रहिवासी असा सामना लगेच सुरू होतो. पण मूळ भांडण वेगळं आहे आणि बरंच जुनं. नियमात आधीच किती लिहून ठेवायचं आणि किती कुणाच्या तरी मर्जीवर सोडायचं, हे ते भांडण.

सुरुवात बघायची तर लाँड्रीपासून बघावी लागते. १८८०च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोत नियम झाला की लाकडी इमारतीत लाँड्री चालवायची तर शहराच्या बोर्डाची परवानगी हवी. कागदावर एकदम साधा नियम, आगीची भीतीही खरी होती, पण परवानगी द्यायची की नाही याचा काही निकषच नाही, सगळं बोर्डाच्या हातात. झालं काय, तर साधारण २०० चिनी अर्जदारांना नकार आणि बाकीच्या ८०च्या आसपास लोकांपैकी जवळजवळ सगळ्यांना होकार. १८८६मध्ये यिक वो नावाच्या लाँड्रीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने हे हाणून पाडलं. मॉडेस्टो नावाच्या लहान गावाने तर १८८५मध्येच वेगळा रस्ता काढला होता, परवानगी वगैरे नाहीच, सरळ हद्द आखली की लाँड्र्या रेल्वे रुळांच्या पलीकडेच राहतील. झोनिंगचं मूळ शोधायला गेलं की हे असले नियम सापडतात, आवडो न आवडो.

तिकडे जर्मनीत फ्रँकफर्टने १८९१मध्ये शहराचे विभाग पाडून प्रत्येकाला वेगळे बांधकाम नियम लावले होते. लॉस एंजेलिसने १९०८मध्ये राहण्याचे आणि उद्योगाचे भाग वेगळे केले. तिथल्याच एका वीटभट्टीवाल्याची केस फार बोलकी आहे. त्याने जागा घेतली तेव्हा ती शहराच्या हद्दीबाहेर होती, नंतर हद्द वाढली, आजूबाजूला घरं आली आणि भट्टी बेकायदा ठरली. त्याचं म्हणणं, विटा पाडता आल्या तर जमीन ८ लाख डॉलरची, नाहीतर ६० हजाराची. १९१५मध्ये सुप्रीम कोर्टाने शहराच्या बाजूने निकाल दिला. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कने पूर्ण शहरासाठी झोनिंग आणलं, त्यामागे १९१५मध्ये पूर्ण झालेल्या ३८ मजली इक्विटेबल बिल्डिंगच्या सावलीचा वाद तर होताच, पण फिफ्थ अव्हेन्यूच्या दुकानदारांना कपड्यांचे कारखाने शेजारी नको होते हेही तितकंच खरं. वंशावरून वस्त्या वेगळ्या करणारे नियम कोर्टाने १९१७मध्ये रद्द केले. मग तोच हेतू प्लॉटचा साइज आणि घराचा प्रकार यांच्या आडून बऱ्याच ठिकाणी साधला गेला.

आता छोट्या शहरांकडे हे सगळं आलं कसं? त्याचं मोठं श्रेय किंवा खापर, जे म्हणायचं ते, वॉशिंग्टनच्या वाणिज्य खात्याचं. हर्बर्ट हूवर तेव्हा मंत्री होते आणि खात्याने १९२०च्या दशकात राज्यांसाठी एक नमुना कायदा काढला. फक्त ९ कलमं. पण आजही कौन्सिलच्या मीटिंगमध्ये जे चालतं त्यातलं बरंचसं तिथलंच आहे. सुनावणीच्या किमान १५ दिवस आधी पेपरात नोटीस, शेजारच्या २० टक्के जमिनीच्या मालकांनी हरकत घेतली तर बदलासाठी तीन चतुर्थांश मतं, आणि अपवाद मंजूर करायला ५ जणांचं बोर्ड ऑफ अ‍ॅडजस्टमेंट. म्हणजे बघा, सगळं लिहून काढायचं म्हणून कायदा केला आणि त्यातच मर्जीसाठी एक खिडकी उघडी ठेवली. ती ठेवणं भागच होतं म्हणा, कारण प्रत्येक वेड्यावाकड्या प्लॉटचा विचार नियम लिहिणारा थोडाच करू शकतो!

असे नियम घटनेत बसतात का याचा निकाल लागला तोही एका गावाच्याच खटल्यात. ओहायोतलं युक्लिड हे क्लीव्हलँडच्या शेजारचं गाव. तिथे अँब्लर रिअल्टीची ६८ एकर जागा रेल्वेलाइनला लागून होती आणि कंपनीला कारखान्याचा भाव हवा होता. १९२२च्या नियमाने तीच जागा तीन वेगवेगळ्या झोनमध्ये कापली गेली. कंपनी म्हणाली एकराचे १० हजार मिळाले असते ते आता २,५०० वर आले. १९२६मध्ये सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध ३ असा गावाच्या बाजूने निकाल दिला, आणि त्यात अपार्टमेंटला चक्क बांडगूळ म्हटलंय! गंमत म्हणजे नंतर दुसऱ्या महायुद्धात त्याच जागेवर जनरल मोटर्सचा कारखाना उभा राहिला.

पुढे १९५४च्या हाउसिंग कायद्याच्या ७०१ कलमाखाली लहान गावांना प्लॅनिंगसाठी केंद्राचा पैसा मिळायला लागला, सुरुवातीला २५ हजारांखालच्या गावांना. स्वतःचा प्लॅनर नसलेल्या गावाने मग सल्लागार नेमायचा, त्याने दुसरीकडचाच मसुदा नाव बदलून द्यायचा, असं बऱ्याच ठिकाणी झालं. म्हणून कितीतरी गावांच्या नियमांत त्या गावाचं असं काही दिसतच नाही. पार्किंगची सक्तीही, म्हणजे इमारतीसोबत अमुक इतक्या गाड्यांची जागा ठेवलीच पाहिजे हा नियम, अशीच पसरली, ओहायोतल्या कोलंबस शहराने १९२३मध्ये अपार्टमेंटसाठी आणली, नंतर एकाचा आकडा दुसऱ्याने उचलला.

मर्जीची खिडकी मोठी झाली ती नंतर. कॅलिफोर्नियात १९७२मध्ये, मॅमथ लेक्स या गावातल्या बांधकामाच्या प्रकरणात, राज्याच्या सुप्रीम कोर्टाने ठरवलं की पर्यावरण आढावा फक्त सरकारी कामांना नाही, परवानगी लागणाऱ्या खाजगी बांधकामालाही लागू. मुद्दा चुकीचा नव्हता, पण त्यामुळे एक विचित्र फरक पडला: जिथे अधिकाऱ्याने फक्त नियम बघून शिक्का मारायचा असतो तिथे आढावा नाही, जिथे कुणीतरी विचार करून हो-नाही म्हणायचं असतं तिथे आढावा, मग सुनावणी, मग अपील. फाइल अडकते ती इथे. १९७७मध्येच तिथे मंजुरीला मुदत घालणारा कायदा करावा लागला, यावरून काय ते समजा.

त्यामुळे अलीकडचे बदल शिक्क्याच्या बाजूला झुकतायत. कॅलिफोर्नियाने २०१७मध्ये घरांचं टार्गेट न गाठणाऱ्या शहरांत ठराविक प्रोजेक्टना सुनावणीशिवाय मंजुरीची सोय केली. न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहराने त्याच वर्षी पार्किंगची सक्ती काढली. ओरेगॉनने २०१९मध्ये सांगितलं की १० हजारांवरच्या शहरांत जिथे एक घर चालतं तिथे दोन बिऱ्हाडांचं घरही चाललं पाहिजे. वर तिथे घरांसाठीचे निकष स्पष्ट आणि मोजता येतील असेच लागतात, म्हणजे "परिसराला शोभेल असं" ही ओळ तिथल्या शहराला अर्ज नाकारायला वापरता येत नाही, उंची किती फूट आणि हद्दीपासून अंतर किती फूट ते आकड्यातच लिहावं लागतं.