शिक्षणा‘तलं’ तंत्रज्ञान आणि शिक्षणा‘चं’ तंत्रज्ञान

बी.एड.ला एक प्रश्न हमखास विचारतात : ‘शिक्षणातील तंत्रज्ञान आणि शिक्षणाचे तंत्रज्ञान यांतील फरक स्पष्ट करा.’ आमच्या वर्गात तो सगळ्यांनी पाठ केला होता. मधोमध उभी रेघ, डावीकडे ‘हार्डवेअर उपागम’, उजवीकडे ‘सॉफ्टवेअर उपागम’ (उपागम म्हणजे दृष्टिकोन), दोन्हीकडे पाच-पाच मुद्दे. मला त्यात मार्कही चांगले पडले. फरक मात्र कळला दुसऱ्या वर्षी, आंतरवासितेत (म्हणजे शाळेत प्रत्यक्ष शिकवण्याच्या सरावात), सातवीच्या वर्गात तोंडावर आपटल्यावर.

गोंधळाचं मूळ नावातच आहे. सॉफ्टवेअर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पीपीटी आणि ॲप येतं. त्यामुळे आमच्यातल्या निम्म्या जणांचा पक्का समज होता की प्रोजेक्टर म्हणजे हार्डवेअर आणि त्यावरची पीपीटी म्हणजे सॉफ्टवेअर. पीपीटी केली की दोन्ही उपागम उरकले. पण ए. ए. लम्सडेन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६४ मध्ये ही विभागणी मांडली तेव्हा शाळांमध्ये संगणक होता कुठे? डावा रकाना भौतिकशास्त्र आणि अभियांत्रिकीतून वर्गात आलेल्या साधनांचा : रेडिओ, फिल्म प्रोजेक्टर, टेपरेकॉर्डर, टीव्ही. उजवा रकाना मानसशास्त्रातून आलेला : मूल शिकतं कसं याचा विचार करून केलेली शिकवण्याची आखणी. कोणता प्रश्न आधी, कोणता नंतर, मूल चुकलं तर पुढे काय, बरोबर आलं तर त्याला ते कधी कळणार, हे सगळं त्यात येतं. हा हिशेब लावला तर माझी पीपीटी जोवर नुसती दाखवण्यापुरती आहे, तोवर ती डावीकडेच बसते.

मराठीत खरं तर हा फरक एका प्रत्ययात मावतो. ‘तलं’ म्हणजे बाहेरून आत आणून ठेवलेलं. ‘चं’ म्हणजे त्याचं स्वतःचं. घरातलं सामान वेगळं, घराचं बांधकाम वेगळं.

आता सातवीतली गोष्ट. बालभारतीच्या ज्या भूगोलाच्या पुस्तकावर माझे पाठ होते, त्यात ‘ऋतुनिर्मिती’ हा विषय दोन भागांत आहे. माझ्या वाट्याला दुसरा भाग आला, डिसेंबरात. टाचणात, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्यात, मी ‘शैक्षणिक साहित्य’ या रकान्यात ऐटीत लिहिलं : लॅपटॉप, प्रोजेक्टर, ॲनिमेशन. पस्तीस मिनिटांच्या तासातली पहिली नऊ मिनिटं केबल आणि रिमोट शोधण्यात गेली (रिमोट शिपाईकाकांच्या कपाटात, कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांकडे). पण मग पडदा उजळला आणि वर्ग असा चिडीचूप झाला की माझाच विश्वास बसेना. काळंभोर आकाश, मधोमध धगधगता सूर्य, भोवती लांबट अंडाकृती कक्षेत फिरणारी निळी पृथ्वी, पाठीमागे गंभीर संगीत. मागच्या बाकावर बसून पाठ निरीक्षण करणाऱ्या सरांनी शेरा दिला : ‘तंत्रज्ञानाचा प्रभावी वापर.’

दुसऱ्या दिवशी मार्गदर्शक बाई म्हणाल्या, “अगं, त्यांना एकदा विचारून तर बघ, उन्हाळा का होतो ते.” विचारलं. जवळजवळ सगळ्या वर्गाचं एकच उत्तर : “मॅडम, पृथ्वी सूर्याजवळ जाते म्हणून.” एका मुलीने तर पुरावाच दिला. “काल तुम्हीच दाखवलं ना, मॅडम. एका बाजूला ती जवळ होती.”

तिचं बरोबर होतं. म्हणजे तिने जे पाहिलं ते बरोबर होतं. पृथ्वीची कक्षा जवळजवळ वर्तुळच आहे, पण ॲनिमेशन करणारा ती तिरकस कोनातून दाखवतो. छान दिसते, खोली जाणवते. ताटली तिरपी धरली की लांबट दिसते, तसं. आणि त्या लांबट कक्षेतून मुलं सरळ निष्कर्ष काढतात की जवळ म्हणजे गरम. आधीच डोक्यात असलेली चूक मी चाळीस इंच रुंद रंगीत चित्राने पक्की केली होती. खडूने फळ्यावर वाकडंतिकडं वर्तुळ काढलं असतं तर निदान एवढी पक्की झाली नसती.

बाई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “तू साधन आणलंस. पाठ नाही आणलास.”

त्या रात्री मी पहिल्या वर्षाची वही काढली आणि उजवा रकाना पहिल्यांदा नीट वाचला. त्यात बी. एफ. स्किनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाचं नाव आहे, पण त्यामागची गोष्ट नोट्समध्ये नसते. १९५३ मध्ये स्किनर आपल्या मुलीच्या शाळेत गणिताचा तास बघायला गेले. त्यांना दोन गोष्टी खटकल्या. गणित सोडवल्यावर ते बरोबर की चूक हे मुलांना लगेच कळत नव्हतं. आणि ज्याचं झालंय तो कंटाळलाय, ज्याला येत नाहीये तो घाबरलाय, तरी सगळ्यांना एकाच चालीने चालायचं होतं. त्यावरून त्यांनी शिकवण्याचं यंत्र बनवलं. एक पेटी, तिच्या खिडकीत एक छोटा प्रश्न. मुलाने उत्तर लिहायचं, दांडा सरकवायचा, की बरोबर उत्तर समोर. मग पुढचा प्रश्न, आधीच्यापेक्षा अगदी किंचित अवघड.

गंमत अशी की ही पेटी, जी उघडउघड यंत्र आहे, पुस्तकात सॉफ्टवेअर उपागमाचं उदाहरण म्हणून येते. पहिल्या वर्षी मला ही छपाईची चूक वाटली होती. पण पेटीची किंमत होती आतल्या प्रश्नांच्या माळेत. तीच माळ कागदावर छापली तरी काम झालं असतं आणि पुढे झालंही. ‘क्रमान्वित अध्ययन’ म्हणून आपण जे शिकतो ते हेच. माझ्या पहिल्या पाठात याच्या अगदी उलट होतं. लॅपटॉप काढून घेतला असता तर हातात काही म्हणजे काही उरलं नसतं.

स्किनर यांचं सगळंच मला पटतं असं नाही. मूल म्हणजे त्यांच्या प्रयोगांतलं दाणे टिपणारं कबूतर नव्हे आणि ऋतू कसे होतात हे चाळीस बारीक घास करून भरवता येत नाही. पण ‘माझं बरोबर आहे का हे मला आत्ता कळलं पाहिजे’ हा मुलांचा हक्क त्यांनी ओळखला, तेवढं मी घेतलं.

तोच पाठ पुन्हा घेतला, प्रोजेक्टरशिवाय. सुरुवातीला एकच प्रश्न : पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ कोणत्या महिन्यात असते? बोलायचं नाही, वहीत लिहायचं आणि वही उलटी ठेवायची. एकूण एक वह्यांत एप्रिल किंवा मे. मग मी फळ्यावर लिहिलं : जानेवारीचा पहिला आठवडा, सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटर. जुलैचा पहिला आठवडा, सुमारे १५ कोटी २१ लाख. वर्गात जी खळबळ उडाली ती ॲनिमेशनने उडाली नव्हती. “मग जानेवारीत स्वेटर का घालतो?” हा प्रश्न मी टाचणात ‘अपेक्षित प्रश्न’ म्हणून लिहिला होता. त्यांनी तो मला विचारला, मला विचारावा लागला नाही. क्रिकेटवाला एक जण म्हणाला, डिसेंबरात मेलबर्नची कसोटी कडक उन्हात असते, खेळाडू टोप्या घालतात. म्हणजे एकाच वेळी इथे थंडी आणि तिथे उन्हाळा. अंतरामुळे असतं तर दोन्हीकडे एकच असायला हवं होतं. हे वाक्य माझं नाही, त्याचंच.

मग बॅटरी आणि आलेखाचा कागद. बॅटरी सरळ धरली तर प्रकाशाचा गोल किती चौकोन व्यापतो ते मोजायचं, नंतर ती तिरपी धरून पुन्हा मोजायचं. चौकोन वाढतात आणि उजेड फिका पडतो. प्रकाश तेवढाच, वाटेकरी जास्त. एक चमचा तूप एका पोळीला लावलं काय आणि तीन पोळ्यांना पुरवलं काय. यानंतर, ऊन कधी सरळ तर कधी तिरपं का पडतं याचं उत्तर म्हणून, पृथ्वीचा साडेतेवीस अंशांनी कललेला आस सांगितला तेव्हा तो त्यांना हवा असलेला तुकडा होता.

या पाठाला साधनांच्या रकान्यात मार्क कमी पडले. निरीक्षण तक्त्यात ‘आधुनिक साधनांचा वापर’ असा कॉलम असतो आणि बॅटरी त्यात बसत नाही. चालायचंच. पण आमच्या बॅचमधली मुलं पीपीटीवर का तुटून पडतात त्याचं हेही एक कारण आहे. जे मोजलं जातं ते केलं जातं.

मग कुणी म्हणेल, उजवा रकाना चांगला आणि डावा वाईट. नाही. डाव्या रकान्याचं काम पोचवण्याचं आहे आणि ते लहान काम नाही. १९७५-७६ मध्ये ‘साइट’ प्रयोगात उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत टीव्हीचे कार्यक्रम गेले, त्यात शाळकरी मुलांसाठीचेही होते. जिथे काहीच पोचत नव्हतं तिथे चित्र पोचलं. पोचल्यावर मुलाच्या डोक्यात काय झालं, हा उजव्या रकान्याचा प्रश्न. दोन्ही प्रश्न खरे आहेत, फक्त एकाचं उत्तर दुसऱ्याला चालत नाही.

क्यूआर कोडचंच घ्या. केंद्राचा ‘दीक्षा’ हा ऑनलाइन शिक्षण मंच २०१७ मध्ये सुरू झाला आणि पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आले. कोड स्कॅन केला आणि कुणीतरी तोच धडा कॅमेऱ्याकडे बघून वाचून दाखवत असेल, तर तो डावीकडचा. सोय झाली, आखणी नाही. २०२०चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळवणारे सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांच्या नावापुढे बातम्यांत कायम ‘क्यूआर कोडवाले गुरुजी’ असं लागतं. पण त्यांनी आधी काय ओळखलं होतं? मुलांची घरची भाषा कन्नड आणि पुस्तकं दुसऱ्या भाषेत. त्यांनी पुस्तकांचा मजकूर मुलांच्या भाषेत आणला आणि त्याला कविता, व्हिडिओ, स्वाध्याय यांचे कोड जोडले. आपण उचलला तो कोड, कारण काळा-पांढरा चौकोन छापणं सोपं. मूल कुठे अडलंय हे ओळखणं छापता येत नाही.

प्रश्नमंजुषेच्या ॲपचीही तीच गत. चार पर्याय, घड्याळ, टाळ्यांचा आवाज. सिडनी प्रेसी नावाच्या प्राध्यापकांनी १९२०च्या दशकात चार बटणांचं चाचणीयंत्र केलं होतं, त्याची ही पतवंडं. त्यात मुलाने ‘मे’ निवडलं की लाल फुली येते आणि पुढचा प्रश्न. ‘मे’ निवडणाऱ्याच्या डोक्यात लांबट कक्षा आहे हे ॲपला ठाऊक नाही, मला ठाऊक आहे. मी चुकीचे पर्याय मुद्दाम त्या समजुतींवरून बेतले आणि प्रत्येक चुकीनंतर वेगळा प्रश्न ठेवला, तर तेच ॲप रेघ ओलांडून उजवीकडे येतं. साधन तेच असतं, हलते ती त्याची जागा. परीक्षेतल्या तक्त्यात ही हालचाल दाखवता येत नाही, कारण रेघ शाईने मारलेली असते.

स्वतःपुरती एक खूण मी ठरवली आहे : ऐन तासात वीज गेली तर पाठात काय उरतं? आमच्या शाळेत ही कल्पना करावी लागत नाही, गुरुवारी ती जातेच.

पण ही खूण सगळीकडे चालत नाही, हेही लगेच लक्षात आलं. ‘ऋतुनिर्मिती’चा पहिला भाग वर्षाच्या सुरुवातीला असतो आणि मुलांना निरीक्षणं करायला लावतो. दुसरा भाग त्यावर उभा राहतो. म्हणजे कागदावर छापलेल्या पुस्तकातच उत्तम सॉफ्टवेअर उपागम होता. निरीक्षणं कुणी केली नव्हती, हा भाग निराळा. म्हणून उरलेल्या दिवसांसाठी मैदानात एक मीटरची काठी रोवली. पुण्याच्या अक्षांशावर २२ डिसेंबरला माध्यान्हीची सावली सुमारे ९० सेंटिमीटर पडते, २१ मार्चला सुमारे ३३. पण डिसेंबरची सावली मार्चमध्ये कुणाला आठवणार? म्हणून दर आठवड्याला एकाच जागी उभं राहून फोनने फोटो काढायचा आणि शेवटी सगळे ओळीने लावायचे. इथे फोन काढून घेतला तर पाठ कोसळतो आणि तरीही तो नुसतं दाखवण्याचं साधन नाही. मला तक्त्यात तो कुठे टाकायचा ते अजून ठरवता येत नाही.

या ओळीतला शेवटचा फोटो शाळेत काढताच येणार नाही. पुण्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो मेच्या मध्यात आणि जुलैच्या शेवटी. मेमध्ये शाळेला सुट्टी, जुलैत ढग. मार्चमध्ये माझी आंतरवासिता संपली तेव्हा काठी एका मुलाने घरी नेली, गच्चीवर रोवतो म्हणाला. मी त्याला सांगितलं, बाराला नाही, साडेबाराच्या सुमारास बघ, तेव्हा सावली पूर्ण नाहीशी होईल.

तो जरा वेळ विचार करत उभा राहिला. “पण मॅडम, सावलीच नसेल तर फोटो कशाचा काढू?”