खाण लागण्याआधी व्हाळाचे पाणी मोजून ठेवा
(सिंधुदुर्गातील बागायतदार आणि ग्रामपंचायतींसाठी)

पावसाचे पाणी जांभ्यातून झिरपते, खालच्या चिकट मातीवर अडते आणि डोंगराच्या पायथ्याशी झरा होऊन फुटते. एप्रिल-मेमध्ये माड-पोफळीला मिळते ते हेच. लोहखनिजाचा खड्डा भूजलपातळीच्या खाली उतरला आणि पंप लागले, की ते पाणी व्हाळाऐवजी (ओढ्याऐवजी) खड्ड्याकडे वळते. तक्रार केल्यावर पहिला प्रश्न येतो: आधी किती होते? उत्तर आकड्यातच द्यावे लागते.

झऱ्याला 15 लिटरची बादली आणि मोबाइलचे घड्याळ पुरते. बादली 10 सेकंदांत भरली, तर दिवसाला सुमारे 1 लाख 30 हजार लिटर पाणी. गावांसाठी ही मोजणी करणारे आम्ही व्हाळात V आकाराच्या काटकोनी खाचेचा पत्रा आडवा बसवतो. खाचेत पाणी 10 सेंटिमीटर चढले, तर सेकंदाला साधारण 4.4 लिटर वाहते. 5 सेंटिमीटर असेल, तर जेमतेम पाऊण लिटर. म्हणजे उंची निम्मी झाली, तरी पाणी पाचव्या हिश्श्यापेक्षा कमी उरते. नुसत्या नजरेने हे कळत नाही. शिवाय खाणीपासून दूरचा एक व्हाळही मोजतो. पाऊस कमी झाला तर दोन्ही आटतात, खाणीने ओढले तर एकच.

खाणीच्या परवानगीसाठीच्या पर्यावरण अहवालात बहुधा पावसाळा सोडून एकाच हंगामाची मोजणी असते. ती डिसेंबरात झाली असेल, तर मे महिन्याचे काहीच कळत नाही. जनसुनावणीची नोटीस किमान 30 दिवस आधी निघते, पण तेवढ्यात उन्हाळा मोजून होत नाही.

हक्काचे म्हणाल, तर 1882 च्या सुविधाधिकार कायद्याने नैसर्गिक व्हाळाचे पाणी, प्रमाणात लक्षणीय फरक न पडता, काठच्या जमिनीपर्यंत आले पाहिजे. पाटाच्या पाण्याला 20 वर्षांची उघड, अखंड वहिवाट दाखवावी लागते. जमिनीखाली ठरावीक प्रवाहाशिवाय झिरपणाऱ्या पाण्याला मात्र हे संरक्षण नाही, म्हणून एकट्या विहिरीचा दावा लंगडा पडतो. विहिरीची पातळी व्हाळाच्या नोंदीसोबतच घ्या. सातबाऱ्यावर ‘जलसिंचनाचे साधन’ या रकान्यात काय लिहिले आहे, तेही आजच बघा.

उपसलेले पाणी गाळ बसवून व्हाळात परत सोडण्याची अट जरूर मागा. पण पंप थांबले की तेही थांबते, आणि रिकामा खड्डा आधी स्वतः भरतो. खाण बंद झाल्यावर व्हाळाला पाणी कुठून मिळणार, हे लेखी घेतल्याशिवाय गावाने होकार देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आम्ही ऑक्टोबरअखेरपासून जूनपर्यंत दर पंधरवड्याला मोजणी करतो. नोंदवही तुमच्याकडेच राहते आणि प्रत्येक नोंदीवर तुमची व आमची सही असते.