सिमेंट भरताना कोसळणं वेगळं, दुसऱ्या दिवशी धाप लागणं वेगळं

खुबा मोडलेल्या आजींना सिमेंट लावून सांधा बसवला आणि ऑक्सिजन उतरला, की सरसकट म्हटलं जातं, 'चरबी फुफ्फुसात गेली.' खोटं नाही, पण त्यावरून उपचार ठरत नाहीत. बोन सिमेंट इम्प्लांटेशन सिंड्रोम (सिमेंट भरताना रुग्ण कोसळणं) आणि फॅट एम्बोलिझम सिंड्रोम (मोडलेल्या हाडातली चरबी रक्तात जाऊन पुढे त्रास होणं) या दोन्हींत चरबी असतेच. आधी घड्याळ पाहायचं.

पहिला प्रकार टेबलावरच होतो: सिमेंट भरताना, स्टेम (कृत्रिम सांध्याचा दांडा) आत ठोकताना किंवा सांधा जागेवर घेताना. हाडाच्या पोकळीत दाब वाढतो, मज्जा, चरबी, हवा शिरांत ढकलली जाते आणि हृदयाचा उजवा कप्पा थकतो. पूर्वी सगळा दोष मोनोमरवर, म्हणजे सिमेंटमधल्या द्रव रसायनावर, जायचा. आज दाबाकडे जास्त बोट दाखवलं जातं. पूर्ण भूल असेल तर उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड अचानक घसरतो. कमरेतून भूल दिली असेल तर रुग्ण 'दम लागतोय' म्हणतो किंवा असंबद्ध बोलू लागतो. ऑक्सिजन ९४ टक्क्यांखाली किंवा वरचा रक्तदाब २० टक्क्यांहून जास्त उतरला तर तीव्रतेची पहिली पायरी. ८८ टक्क्यांखाली, ४० टक्क्यांहून जास्त घट किंवा शुद्ध हरपली तर दुसरी. सीपीआर द्यावा लागला तर तिसरी.

म्हणून सर्जननं 'सिमेंट भरतोय' असं मोठ्यानं सांगायचं आणि भूलतज्ज्ञाचं उत्तर येईपर्यंत थांबायचं. पोकळी नीट धुऊन कोरडी करायची, खाली प्लग बसवायचा, सिमेंट गननं तळापासून वर भरत यायचं. वयस्क, हृदयरोगी रुग्णात जोर लावून दाबायचं नाही. रक्तदाब वाढवणारं औषध सिरिंजमध्ये भरून तयार हवं. कोसळलाच तर १०० टक्के ऑक्सिजन आणि उजव्या कप्प्याला आधार. सलाइनचा मारा त्यालाच फुगवतो.

दुसऱ्या प्रकाराला, फॅट एम्बोलिझमला, सिमेंट लागतच नाही. मांडीचं किंवा नडगीचं हाड मोडल्यावर, किंवा हाडात रॉड घातल्यावर, साधारण २४ ते ७२ तासांत धाप, गोंधळलेपण आणि छाती, काख, मान किंवा पापणीच्या आत बारीक लाल ठिपके. ठिपके अनेकांत येतच नाहीत. नसले म्हणून निदान सोडू नये. इथे नुसता अडथळा नसतो. चरबीतून सुटणारी आम्लं फुफ्फुसाला सूज आणतात असं मानलं जातं. उपचार आधाराचेच: ऑक्सिजन, गरज पडल्यास व्हेंटिलेटर. मोडलेलं हाड लवकर स्थिर करणं हाच खरा प्रतिबंध.

सिमेंटच्या शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या दिवशी आजी बरळू लागल्या, तर चरबीवर शिक्का मारण्याआधी रक्ताची गुठळी, सोडियम, साखर आणि रात्री दिलेलं वेदनाशामक तपासा. या वयात कारण तिथंच सापडण्याची शक्यता जास्त.