ग्रेहाउंड जेवत नाही: बुजलीय की दुखतंय?

हरणी आमच्या घरी आली तेव्हा चार वर्षांची होती. इंग्लंडमधल्या कुत्र्यांच्या शर्यतीतून नुकतीच निवृत्त झालेली ग्रेहाउंड कुत्री, कानात नंबर गोंदलेला, मांड्यांवरचे केस विरळ झालेले. पहिल्या संध्याकाळी भांडं पुढे ठेवलं तर तिने लांबूनच वास घेतला आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. दुसऱ्या दिवशीही तेच. पुण्याहून आईचा फोन आला: "बुजली असेल गं ती, दूधभात कालवून दे." बुजली होती हे खरंच. दूध मात्र मी दिलं नाही, कारण बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना ते पचत नाही.

बुजलेलं कुत्रं आणि दुखणाईत कुत्रं भांड्यापाशी अगदी सारखं वागतं. दोघंही वास घेतात, मान वळवतात, मागे सरकतात. म्हणून फरक शोधायचा तो भांड्यापासून दूर, बाकीच्या दिवसात.

शर्यतीच्या या कुत्र्यांचा जन्म केनेलमध्ये, म्हणजे कुत्री एकत्र ठेवायच्या जागेत जातो. जेवण ठरल्या वेळी, आजूबाजूला सगळी आपल्यासारखीच. एकटं जेवायची वेळ सहसा येत नाही. अशा जिवाला एकदम गुळगुळीत फरशी, काचेचं दार, जिना, टीव्ही आणि वॉशिंग मशीनचा आवाज! भीतीने भूक दबते, मरत नाही. त्यामुळे बुजलेलं कुत्रं रात्री दिवे मालवले की हळूच येऊन खातं. हातावरचा उकडलेल्या चिकनचा तुकडा घेतं, पाणी नीट पितं, गाढ झोपतं आणि फिरायला न्यायला पट्टा काढला की उठून उभं राहतं. हरणीच्या गळ्यातला बिल्ला स्टीलच्या भांड्यावर आपटून टणकन वाजायचा आणि ती दचकून मागे व्हायची. हे माझ्या लक्षात यायला तीन दिवस लागले. मग बिल्ला काढून ठेवला, भांडं प्लॅस्टिकचं आणलं, खाली पाय न घसरणारी चटई घातली. केनेलमध्ये मिळायचं तेच दाणेदार खाणं चालू ठेवलं, फक्त वास सुटावा म्हणून त्यात कोमट पाणी घातलं. वीस मिनिटांनी भांडं उचलायचं, मागे लागायचं नाही. आपल्याकडे पाहुण्याला आग्रह करतात तसा कुत्र्याला केला की ते आणखी बुजतं. आणि कांदा-लसणाचा रस्सा चवीपुरताही नको, दोन्ही कुत्र्यांना विषारी आहेत.

दुखणं असलं तर चित्र वेगळं दिसतं. अन्नावरची वासनाच उडालेलं कुत्रं चिकनलाही तोंड लावत नाही, रात्रीही खात नाही, फिरायलाही उठत नाही. पण सगळ्यात फसवं असतं ते तोंडाचं दुखणं. तिथे भूक शाबूत असते, चावणं जमत नाही. ग्रेहाउंडमध्ये दात-हिरड्यांचे आजार फार आढळतात. पाचव्या रात्री मी अंधारात बसून पाहिलं: हरणीने रस चाटून संपवला, दाणे तसेच ठेवले. एक दाणा उचलला, मान एका बाजूला कलती करून चावला आणि टाकून दिला. तोंडाला घाण वास येत होता. व्हेटने वरचे दोन किडके दात काढले. म्हणजे बुजणं आणि दुखणं एकाच कुत्रीत होतं, आणि पहिल्यामागे दुसरं पाच दिवस लपलं होतं.

रक्त तपासायची वेळ आली तर अहवाल ग्रेहाउंडच्या मापाने वाचायला सांगा. यांच्या रक्तात तांबड्या पेशी इतर कुत्र्यांपेक्षा जास्त, प्लेटलेट कमी, थायरॉइडची पातळी कमी आणि क्रिएटिनिन (ज्यावरून मूत्रपिंडाचं काम जोखतात) थोडं जास्त असणं हे नेहमीचंच. हे माहीत नसलं तर धडधाकट कुत्र्याला थायरॉइडच्या गोळ्या सुरू होऊ शकतात, किंवा मूत्रपिंडाचा आजार आहे म्हणून घर हवालदिल होतं. बारीक अंगावरूनही निदान करू नका. सोलापूरकडे कारवान जातीची सडपातळ शिकारी कुत्री पाहिलेल्यांना हे सांगायला नको: शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसणं ही या बांध्याची ठेवणच आहे. डोळ्यांपेक्षा दर आठवड्याचं वजन खरं बोलतं.

धीर धरायचा तो बुजण्यापुरताच. दोन दिवस कणभरही पोटात नाही, पाणी बंद, उलट्या, काळी शी, पांढरट हिरड्या, यांपैकी काही दिसलं की व्हेटकडे. पोट फुगलंय आणि उमासे येऊनही काही बाहेर पडत नाही, असं असेल तर रात्र असो की पहाट, त्याच क्षणी निघा. खोल छातीच्या कुत्र्यांत जठराला पीळ पडतो आणि काही तासांत जीव जातो.

दात काढल्यावर तिसऱ्या दिवशी हरणीने भांडं चाटूनपुसून लख्ख केलं. तरी स्वयंपाकघरात कुणी तिच्याकडे पाहत उभं राहिलं की ती अजून थबकते. म्हणून तिच्या जेवणाच्या वेळी मी तिच्याकडे पाठ करून सिंकमधली भांडी घासते, आणि मागून दाणे फुटल्याचा आवाज ऐकते.