कट (शब्द)

कट : मूळ इंग्रजी क्रियापद आणि नाम. कापणं, छेद देणं, तोडणं, कमी करणं हे त्याचे मुख्य अर्थ. मराठीत तो लिहिण्यातून कमी आणि बोलण्यातून जास्त आला, आणि आता इतका मुरलाय की नाशिकमध्ये सकाळच्या कटिंग चहापासून रात्री फोन कट करेपर्यंत तो सारखा तोंडात असतो. पण अडचण अशी आहे की याच उच्चाराचे शब्द मराठीत आधीपासून होते. गुप्त मसलत या अर्थाचा कट वेगळा, पुरणाची डाळ शिजवून गाळलेलं पाणी म्हणजे कट (ज्याची आमटी करतात) तो वेगळा, आणि हिंदीतल्या कटना-काटना वरून आलेलं कटणं-काटणं आणखी वेगळं. हे सगळं एकाच शब्दाचे अर्थ म्हणून मोजलं की हिशोब चुकतो आणि बऱ्याच याद्यांमध्ये तसंच झालेलं दिसतं.

वेगळं करायची सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे सोबतचं क्रियापद. कट करणं, कट होणं, कट मारणं असं आलं की तो बहुतेक इंग्रजी कट असतो: लाइट कट झाली, कॉल कट केला, खात्यातून पैसे कट झाले, रिक्षावाल्यानं कट मारला. कट रचणं, कट शिजणं, कट उधळणं, कटात सामील असणं हा जुना मराठी कट. आणि प्रत्यय थेट शब्दालाच लागला, म्हणजे कटला, कटतो, कटवलं, तर ते हिंदीकडून आलेलं. पतंग कटला हे हिंदी वळणाचं आणि पतंग कट झाला हे इंग्रजी वळणाचं, दोन्ही येवल्याच्या संक्रांतीत एकाच गच्चीवर ऐकू येतात. पत्ता कट झाला (म्हणजे निवडणुकीत तिकीट गेलं, टीममधून नाव गेलं) हा खरा सीमेवरचा नमुना, वाक्प्रचार मुळात हिंदी पत्ता कटना आणि क्रियापद मात्र इंग्रजी कटला लागणारं, त्यामुळे तो दोन्हीकडे धरावा लागतो. कटकटचा या कुटुंबाशी काही संबंध नाही.

व्युत्पत्ती. इंग्रजी कट कुठून आला यावर एकमत नाही. लिखित इंग्रजीत तो साधारण 13व्या शतकाच्या शेवटाकडे दिसायला लागतो, त्याआधीच्या जुन्या इंग्रजीत कापण्यासाठी दुसरी क्रियापदं होती, त्यातल्या एकाचं आजचं रूप म्हणजे कार्व्ह, जे आता कोरीव कामापुरतं आणि ताटातलं मांस कापण्यापुरतं उरलंय. म्हणजे कट उशिरा येऊन जुन्याला बाजूला सारून बसला. एक मत असं की जुन्या इंग्रजीतच त्याचं पूर्वरूप बोलण्यात होतं, फक्त लिहिलं गेलं नाही. दुसरं मत त्याला स्कँडिनेव्हियाकडे नेतं, कारण आइसलँडिकमध्ये कुती म्हणजे छोटी बोथट सुरी आणि स्वीडिश-नॉर्वेजियन बोलींत जवळचे शब्द सापडतात. तिसरं, फ्रेंच कूतो म्हणजे सुरी यावरून आला असं सांगणारं मत आता फारसं कोणी धरत नाही. उत्तरेकडचं मूळ जास्त संभवनीय वाटतं, मात्र आधार बराचसा बोलींतल्या शब्दांवर असल्यानं ठाम विधान टाळलेलं बरं.

आपल्याकडे चौथंच मत लोकप्रिय आहे, की कट हा संस्कृत कृत् (कापणे) वरून गेला, म्हणजे काटना आणि कट हे भाऊ. ऐकायला पटतं, कारण संस्कृत कर्त-, प्राकृत कट्ट-, हिंदी काट ही साखळी अगदी खरी आहे आणि आपली कात्रीसुद्धा संस्कृत कर्तरीवरून आलेली, म्हणजे कात्री आणि काटणं नक्कीच नात्यातले. पण इंग्रजी कट या साखळीत बसत नाही. याकोब ग्रिम या जर्मन अभ्यासकानं 1822 मध्ये मांडलेल्या नियमाप्रमाणे, संस्कृत आणि इंग्रजी दोन्ही जिच्यातून निघाल्या त्या मूळ भाषेतला क जर्मॅनिक (इंग्रजी-जर्मनच्या कुळातल्या) भाषांत ह होतो आणि मूळ ग चा क होतो. म्हणूनच संस्कृत गो ला इंग्रजी काऊ आणि जानु (यातला ज मुळात ग) ला नी (ज्याच्या स्पेलिंगमध्ये मुका के अजून शिल्लक आहे). मग संस्कृतातल्या क च्या जागी इंग्रजीत क येणं हेच उलट नातं नसल्याची खूण ठरते. कृत् चे इंग्रजीतले खरे नातेवाईक शोधायचे तर लोकर कातरायचं शिअर आणि शॉर्ट हे शब्द सांगतात, त्यांच्यात मूळ क च्या आधी स होता म्हणून पुढे श झाला. हा मुद्दा इतका लांबवला कारण कट हा आपल्याकडूनच तिकडे गेला असं शाळकरी पुस्तिकांपासून व्हॉट्सॲपपर्यंत सगळीकडे छातीठोक सांगितलं जातं, आणि ध्वनिसाम्य म्हणजे नातं नव्हे हे या एका शब्दावरून जितकं स्वच्छ दिसतं तितकं क्वचितच दिसतं.

याच कारणानं दोन खोटे सोयरेही बाजूला काढावे लागतात. कटलेटचा कटशी संबंध नाही, तो फ्रेंच कोतलेत म्हणजे छोटी बरगडी यावरून आला, मुळात तो बरगडीच्या मांसाचा पदार्थ, बटाट्या-बीटाचा नंतर झाला. कटलरीही सुरीच्या जुन्या फ्रेंच शब्दावरून आणि त्यामागे लॅटिनवरून आलेली. मराठी बाजारपेठेत तर कटलरीचं दुकान म्हटलं की बांगड्या, टिकल्या, पिना, रिबिनी, नाशिकच्या मेन रोडवर कटलरी विचारली तर सुरी-काटे कोणी दाखवणार नाही. हा अर्थ कसा सरकला यावर वेगळी नोंद व्हायला हवी.

नाशिकमधला जुना कट. शहराच्या इतिहासात कट म्हटलं की पहिल्यांदा राजकीय अर्थच येतो. 21 डिसेंबर 1909 ला विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना 19 एप्रिल 1910 ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली आणि त्यानंतर चाललेला मोठा खटला नाशिक कट खटला म्हणून ओळखला जातो, ज्यात डिसेंबर 1910 मध्ये वि. दा. सावरकरांना जन्मठेप झाली. खटल्याच्या नावातला कट इंग्रजी कॉन्स्पिरसीचं भाषांतर आहे, इंग्रजी कट नाही, तरी आजचा विद्यार्थी दोन्ही एकाच उच्चारात ऐकतो. गोल्फ क्लबच्या मैदानाला हुतात्मा अनंत कान्हेरे यांचं नाव आहे आणि तिथे रणजीचे सामने झालेत, त्यामुळे स्क्वेअर कट, लेट कट, ऑफ कटर हे क्रिकेटचे कट ज्या मैदानावर बोलले जातात त्याच्या नावामागे दुसरा कट आहे.

हिऱ्याचा कट. नाशिकच्या नावानं जगात ओळखला जाणारा एक हिरा आहे आणि त्याची माहिती इथे कमी लोकांना असते. नासक डायमंड हा गोवळकोंड्याकडचा हिरा त्र्यंबकेश्वराच्या मंदिरात होता असं परंपरेनं सांगतात, किती काळ याबद्दलच्या तारखा सावधपणेच घ्याव्यात. तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात पेशव्यांकडून तो ईस्ट इंडिया कंपनीच्या हातात गेला आणि 1818 मध्ये लंडनच्या रंडेल अँड ब्रिज या जवाहिऱ्यांनी घेतला. तेव्हा तो सुमारे 90 कॅरेटचा होता आणि त्याचा कट भारतीय पद्धतीचा होता, म्हणजे वजन वाचवायचं, चमक त्यानंतर. रंडेल अँड ब्रिजनं पैलू बदलून तो 78 कॅरेटच्या थोडा वर आणला, पुढे 1940 मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टननं तो घेऊन पुन्हा कट केला आणि 43.38 कॅरेटवर आणला. म्हणजे दोन कटमध्ये अर्ध्याहून जास्त हिरा गेला. हिऱ्याच्या धंद्यात कट म्हणजे आकार नुसता नाही, पैलूंचे कोन आणि प्रमाण, ज्यावर आत गेलेला प्रकाश डोळ्याकडे परततो की खालून निसटतो ते ठरतं, आणि तिथे वजन घालवून चमक मिळवणं हा नफ्याचा सौदा मानतात. आपला पैलू पाडणे हा शब्द यासाठी पुरेसा आहे आणि तो वापरात राहावा असं मनापासून वाटतं, कारण कटमध्ये फक्त काय गेलं ते येतं आणि पैलूमध्ये काय उरलं ते येतं.

सिनेमातला कट. दिग्दर्शक कट म्हणतो तो शॉट थांबवायचा हुकूम, आणि संकलनात दोन तुकडे जोडतात त्या सांध्यालाही कटच म्हणतात. हा अर्थ अगदी शब्दशः होता, फिल्म खरोखर कात्रीनं कापून चिकटवायचे. त्र्यंबकेश्वरात 1870 मध्ये जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी 1912 मध्ये इंग्लंडहून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणि फिल्मला भोकं पाडायचं यंत्र आणलं, त्या कामात सरस्वतीबाई फाळके स्वतः बसायच्या. राजा हरिश्चंद्र 1913 मध्ये मुंबईत लागला आणि मग फाळक्यांनी कारखाना नाशिकला हलवला. 1917 च्या लंकादहनात अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता दोन्ही केलं. एकच नट दोन्ही पात्रं करू शकतो कारण रामाचा तुकडा आणि सीतेचा तुकडा वेगळे घेऊन मधे कट देता येतो, रंगभूमीवर हे इतकं सहज जमत नाही. कटचं सामर्थ्य समजावून सांगायला यापेक्षा जवळचं उदाहरण नाशिककराला शोधावं लागणार नाही.

कारखाना. सातपूर आणि अंबडच्या एमआयडीसीत कटचा स्वतंत्र शब्दसंग्रह आहे. लेथवर एक कट घेणं म्हणजे टूलनं (कापायच्या हत्यारानं) जॉबवरून (यंत्रावर लावलेल्या धातूच्या तुकड्यावरून) एक थर काढणं, रफ कटमध्ये माल पटकन उडवायचा, फिनिश कटमध्ये अगदी पातळ थर घेऊन माप आणि पृष्ठभाग साधायचा, आणि थर किती जाड त्याला डेप्थ ऑफ कट. वायरकट नावाचं मशीन वेगळंच, त्यात साधारण पाव मिलिमीटरची पितळी तार जॉबला टेकतच नाही, तार आणि धातू यांच्यात ठिणग्या पडून धातू उडत जातो, वरून आयन काढलेलं पाणी सोडलेलं असतं, त्यामुळे डायचं (साच्याचं) कडक केलेलं स्टीलसुद्धा बारीक वळणांत कापता येतं. अट एकच, जॉबमधून वीज वाहिली पाहिजे. टूलरूममधली मंडळी वायरकटला टाकलाय असं सहज म्हणतात, तिथे हा शब्द मशीनचं नाव झालाय, कापण्याची क्रिया त्यात मागे पडली.

शेती आणि विणकाम. जिथे आपला शब्द कामाला पक्का बांधलेला असतो तिथे कट शिरत नाही, हे द्राक्षबागेत दिसतं. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी, इतक्या कात्र्या चालूनही दिंडोरी-निफाडचा बागायतदार वेल कट केली म्हणत नाही, छाटलीच म्हणतो. इंग्रजी आलं ते नव्या तंत्राबरोबर, जसं मण्यांच्या फुगवणीसाठी सालीची बारीक गोल पट्टी काढतात ते गर्डलिंग, आणि नर्सरीत रूटस्टॉकच्या (ज्यावर कलम बांधतात त्या खुंटाच्या) काड्यांना कटिंग. बाजार समितीत मालाच्या वजनातून कापून धरतात तो कडता, त्यालाही कट म्हणणारे आता भेटतात पण दोन्ही शब्द वेगळे आहेत. येवल्याच्या पैठणीत कटचा उपयोग पारखायला होतो: हातमागाची खरी पैठणी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते कारण बुट्टीचे रंगीत धागे एकमेकांत अडकवत विणलेले असतात, आणि यंत्रमागाच्या साडीत मागे सुटे धागे लोंबतात जे नंतर कापून टाकतात, उलट्या बाजूला कापलेली टोकं दिसली की समजायचं.

रस्ता आणि रोजचं बोलणं. कट मारणं म्हणजे दुसऱ्या गाडीच्या अगदी जवळून आडवं घुसणं, यावरून भांडणं आणि कधी मारामाऱ्या होतात त्यामुळे बातम्यांतही शब्द तसाच छापला जातो. डिव्हायडरमधल्या मोकळ्या जागेलाही कट म्हणतात, पुढच्या कटवरून यू टर्न घ्या. कटिंग म्हणजे अर्धा चहा किंवा केस कापणं, कुठला ते दुकानावरून कळतं. कट ऑफ (अकरावीचे, सीईटीचे गुण), पगार कट, शॉर्टकट, बूट कट, कटपीस, कटआउट हे सगळं प्रचलित आहे. मिसळीच्या रश्श्याला कोल्हापूरकडे कट म्हणतात, नाशिकमध्ये रस्सा किंवा तर्री, आणि तो कट पुरणाच्या कटाशी जोडावा, इंग्रजीशी नव्हे.

इतर. डॉक्टरांनी पेशंट पाठवल्याबद्दल घेतलेल्या कमिशनला कट प्रॅक्टिस म्हणतात, ती रोखायला महाराष्ट्रात 2017 मध्ये कायद्याचा मसुदा झाला होता. संगणकावरचं कट-कॉपी-पेस्ट 1970 च्या दशकात झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत लॅरी टेस्लर आणि सहकाऱ्यांनी रूढ केलं, कल्पना छापखान्यातल्या कात्री-गोंदाच्या कामावरून घेतलेली. इंग्रजी व्याकरणात कट या क्रियापदाची तिन्ही रूपं सारखीच राहतात, पुट आणि हिटसारखी.